वाहन आणि वाहणारा

प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या हाती आज छायाचित्र घेण्याचे साधन नाही, असे क्वचितच आढळते. पूर्वी प्रवासाची स्मृती पत्रांतून, रोजनिशीतून आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगावयाच्या गोष्टींतून टिकत असे; आता ती बहुतांशी चित्रांतून टिकते. या चित्रांत देवळे असतात, घाट असतात, नद्या असतात, आणि आपली माणसे तर असतातच. परंतु असा कोणताही संग्रह सावकाश चाळून पाहिला, तर त्यात आणखी एक विषय पुनःपुन्हा डोकावताना दिसेल. तो म्हणजे वाहन. कोठे धुळीच्या रस्त्याने जाणारी बैलगाडी, कोठे देवळासमोर उभा असलेला टांगा, कोठे स्थानकाबाहेर चौथऱ्यावर मांडून ठेवलेले वाफेचे इंजिन; आणि त्यांच्याच जोडीस विजेवर चालणारी बस, डोंगर पोखरून काढलेला बोगदा, किंवा क्षितिजापर्यंत सरळ गेलेला द्रुतगती मार्ग. नव्या वाहनांची चित्रे मनुष्य अभिमानाने घेतो व जुन्यांची प्रेमाने घेतो, असे आमचे निरीक्षण आहे. हे प्रेम नेमके कशाचे, आणि ते निरुपद्रवी आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

कोणी म्हणेल, की यात विचार करण्याजोगे काय आहे? एखाद्यास जुनी बैलगाडी सुंदर वाटली व त्याने तिचे चित्र घेतले, तर तो रुचीचा प्रश्न झाला. नीतीचा त्याशी संबंध काय? चित्र पर्वताचे किंवा सूर्यास्ताचे असते तर हा आक्षेप आम्ही तत्काळ मान्य केला असता. सूर्यास्तासाठी कोणाच्या पायांस फोड येत नाहीत. वाहनाची गोष्ट निराळी आहे. 'वह्' या संस्कृत धातूपासून 'वाहन' हा शब्द झाला व त्याच धातूपासून 'निर्वाह' हाही शब्द झाला. वाहन म्हटले की दोन पक्ष आलेच: एक वाहिला जाणारा आणि दुसरा वाहणारा. पहिल्यास आराम मिळतो. दुसऱ्याचा घाम निघतो, आणि बहुधा त्याच घामावर त्याच्या घराचा निर्वाह चालतो. चित्र घेणारा प्रवासी जवळजवळ नेहमी पहिल्या पक्षातला असतो. जेथे एकाच्या आनंदाचा विषय दुसऱ्याचे श्रम हा असतो, तेथे रुचीचा प्रश्न नीतीच्या प्रश्नापासून तोडून वेगळा ठेवता येत नाही.

या विचारास आमचे नाशिक हे सोयीचे स्थळ आहे. कारण वाहनांची एक पिढी दुसरीस पुरती हटविते न हटविते तोच येथे तिसरी येऊन ठेपते. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबईहून नाशिकास येण्याचा दिवसांचा प्रवास तासांवर आला. परंतु स्थानक पडले गावापासून पाच-सहा मैलांवर. हे अंतर तोडण्यासाठी १८८९ साली घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. ती चाळीसहून अधिक वर्षे चालली व १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडली. ट्राम गेली तरी टांगे राहिले. रामकुंडावर स्नानास जाणाऱ्या कित्येक यात्रेकरूंनी नाशिक प्रथम पाहिले ते टांग्याच्या मागल्या बैठकीवरून, म्हणजे मागे मागे सरकत जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. पुढे ऑटोरिक्षांनी टांग्यांस मागे सारले. २०२१ साली 'सिटीलिंक' ही शहर बससेवा आली. आणि आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याची लांबी ७०१ किलोमीटर असून इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला; इगतपुरीजवळचा त्याचा बोगदा सुमारे ८ किलोमीटर लांबीचा आहे. या मार्गावर बैलगाडीस येण्याची मुभा नाही. दुचाकीस व तीनचाकीसही नाही. खालच्या शिवाररस्त्याने चाललेली बैलगाडी आणि वरच्या पुलावरून सुसाट गेलेली मोटार ही दोन्ही एकाच चौकटीत धरता आली, तर छायाचित्रकारास धन्य वाटते. जुने आणि नवे एकत्र दाखविणारे ते चित्र पाहणारासही आवडते. का आवडते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः ही आवड फार जुनी नाही. आमच्या वयाच्या वाचकांस जत्रेतील फोटोवाले आठवत असतील. त्यांच्या तंबूत पुठ्ठ्याचे विमान असे, रंगविलेली मोटार असे, क्वचित फटफटीही असे. नवरा-बायको, मुलेबाळे त्या विमानाच्या खिडकीतून डोके बाहेर काढून चित्र काढून घेत. बैलगाडीचा पडदा कोणी लावीत नसे, कारण बैलगाडीतून तर ती मंडळी जत्रेस आलेली असत! ज्यास जे रोज वाहावे लागते, त्याचे चित्र त्यास नकोसे असते. घराघरांतील जुने अल्बमही हेच सांगतात. पहिली सायकल, पहिली स्कूटर, एखाद्या सुखवस्तू नातेवाइकाची मोटार यांच्याशेजारी ताठ उभे राहून काढलेली चित्रे त्यांत असतात. तांबड्या एसटीच्या टपावर सामान चढविणाऱ्या हमालाचे चित्र आमच्या पाहण्यात नाही.

आज पारडे उलटले आहे. नाशिकच्या सभोवार मळ्यांतून मिसळीची उपाहारगृहे निघाली आहेत. रविवारी सकाळी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात. अशा कित्येक ठिकाणी प्रवेशापाशी रंगरंगोटी केलेली एक बैलगाडी उभी असते, आणि मुलांस तिच्यात बसवून आईबाप चित्रे घेतात. गाडीस चाके आहेत, आरे आहेत, चाकांवर लोखंडी धाव आहे, जूही आहे. नाहीत ते फक्त बैल. बैल असते तर त्यांस वैरण लागली असती, शेण पडले असते, माश्या घोंगावल्या असत्या, आणि खांद्यास जुवाचा घट्टा पडलेला जवळून दिसला असता. चित्रास ते परवडत नाही. वाहणारा वगळून वाहन तेवढे ठेवावयाचे, ही युक्ती मुंबईसही सुचली. घोड्यांचे हाल होतात म्हणून तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर आहेत असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. पुढे २०२१ साली त्याच घाटाच्या, पण घोड्याविना विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. ही योजना घोड्यांच्या दृष्टीने उत्तमच होय, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपणांस जुन्या वाहनाची आकृती हवी असते; तिच्यामागची कथा ऐकण्याची आपली तयारी असतेच असे नाही.

जुन्या वाहनाविषयीच्या या ओढीचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की जे नाहीसे होत चालले ते मनुष्यास प्रिय वाटते. यात तथ्य आहे, परंतु ते पुरेसे नाही. नाहीशा होणाऱ्या सर्वच वस्तूंवर आपण असे प्रेम करीत नाही. वीस वर्षांमागची एखादी निमआराम बस आज बैलगाडीहूनही दुर्मिळ झाली असेल. तिच्यासाठी गाडी थांबवून कोणी खाली उतरत नाही. शिवाय नवे ते नेहमीच नीरस भासते असेही नाही. १८४४ साली इंग्लंडात दोन थोर पुरुषांनी आगगाडीकडे दोन दृष्टींनी पाहिले. कवी वर्ड्‌स्वर्थ याने आपल्या सरोवरांच्या प्रदेशात येऊ घातलेल्या लोहमार्गाचा कळवळून निषेध केला. आणि त्याच वर्षी चित्रकार टर्नर याने पाऊस व वाफ यांतून धावत येणाऱ्या आगगाडीचे आपले विख्यात चित्र प्रदर्शनात मांडले. त्या चित्रात रुळांवरून इंजिनाच्या पुढे जीव घेऊन पळणारा एक ससा त्याने काढला आहे. टर्नरचे इंजिन नवे होते, तरी ते सुंदर वाटते; कारण त्यात आग दिसते, धूर दिसतो, धडपड दिसते.

आमच्या मते खरे कारण येथे आहे. जुन्या वाहनांत श्रम दिसतो आणि नव्या वाहनांत तो लपतो. बैलाची मान, घोड्याच्या नाकपुडीतून निघणारी वाफ, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसाच्या दंडावरील शीर, चढणीवर चाकास खांदा देणारा गाडीवान: गती कोठून आली याचा हिशेब त्या वाहनात उघड मांडलेला असतो. उलट, विजेवरची बस थांब्यावरून निःशब्द निघते. तिला कोण ओढतो हे तिच्या काचेतून, पत्र्यातून कळत नाही. मनुष्याच्या डोळ्यास कारणासहित कार्य पाहण्याची भूक आहे. म्हणून जुन्या वाहनाकडे वळणारी दृष्टी केवळ गतकालासाठी हळहळणारी नसते. आपणांस कोण वाहून नेत आहे हे जाणण्याची एक प्रामाणिक इच्छा तिच्या मुळाशी असते. या इच्छेस आम्ही चांगलेच म्हणतो. तिचा अपभ्रंश होतो तो पुढच्या पायरीवर, दिसणारा श्रम सुंदर आहे म्हणून तो चालू राहावा असे जेव्हा वाटू लागते तेव्हा.

छायाचित्रकलेच्या इतिहासात या दोन्ही वाटा दिसतात. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे सिद्ध केले. या प्रयोगाचा खर्च करणारा गृहस्थ, लेलँड स्टॅनफर्ड, हा स्वतः मोठा रेल्वेमालक होता. ज्या वाहनास त्याची आगगाडी मागे टाकीत होती, त्याचे पाऊल नेमके कसे पडते हे त्यास पाहावयाचे होते. त्या चित्रांनी शतकानुशतकांच्या चित्रकारांची चूक दुरुस्त केली. तथापि घोडा दमतो की नाही, हे त्यांत कळत नाही. उलटपक्षी, १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने बर्फात उभ्या असलेल्या घोड्यांच्या ट्रामचे एक चित्र घेतले. ट्रामचा फेरा संपला आहे, घोड्यांच्या अंगांतून वाफा निघत आहेत आणि गाडीवान त्यांस पाणी पाजीत आहे. वाहन थांबले आहे, त्यातून जाणारे उतरून गेले आहेत, आणि मागे राहिलेल्या वाहणाऱ्यांची काळजी एक वाहणाराच घेत आहे. मायब्रिजच्या चित्रातून आपणांस ज्ञान होते. स्टिग्लिट्झच्या चित्रातून जाण येते. या दोहोंतले अंतर प्रत्येक प्रवाशाने ओळखले पाहिजे.

अपभ्रंश कोठवर जातो, याचे उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. माथेरान हे रायगड जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण. तेथे १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी चढते, आणि गावात मोटारीस बंदी असल्यामुळे तेथली शांतता व तांबडी माती अद्याप टिकून आहे. पण या शांततेत पायी न चालणाऱ्या पाहुण्यांस वाहून नेण्यासाठी माणसांनी ओढावयाच्या रिक्षा होत्या: एक मनुष्य पुढून ओढणारा, दोघे मागून रेटणारे, आणि वाट चढउताराची. या रिक्षांची चित्रे प्रवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या काढली. 'जुन्या काळाचा अवशेष', 'धूर नाही, गोंगाट नाही' अशी त्यांची वाखाणणीही झाली. चित्रात झाडांची सावली असे, मोठाली चाके असत, आणि आत हसरे मूल असे. परंतु ही रिक्षा जाऊन विजेवरची रिक्षा यावी, ही मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेले कोण? खुद्द रिक्षा ओढणारे! न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी विजेवरच्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालविण्यास अनुमती दिली. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी, माणसाने माणसास ओढणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असे म्हणून, ही प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांस विजेवरच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ज्या वाहनाचे सौंदर्य पाहुण्यांस मोहवीत होते, त्यातून सुटका व्हावी म्हणून त्याचे वाहणारे न्यायालयात उभे होते. पाहणाऱ्याची रुची आणि वाहणाऱ्याची इच्छा यांत केवढे अंतर पडू शकते, ते यावरून कळून येईल.

येथे एक सबळ आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रवाशांस जुन्या वाहनाची आवड नसती, तर शेवटच्या टांगेवाल्याने काय खाल्ले असते? चित्र घेणारे येतात म्हणून बसणारे येतात, आणि बसणारे येतात म्हणून चूल पेटते. तुम्ही सुखवस्तू मंडळी तुमच्या नाजूक विवेकापायी त्याच्या पोटावर पाय देणार काय? काही वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री एका वृद्ध टांगेवाल्याशी आमचे बोलणे झाले होते. टांगा सजविलेला होता, घोडा नीट राखलेला होता, आणि चित्रे घेणाऱ्यांची भोवती दाटी होती. आम्ही धंद्याची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, या गाडीचे फोटू रोज गावोगाव जातात. गाडी मात्र दिवसभर इथंच उभी." त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता, हिशेब सांगावा तसे त्याने सांगितले.

त्या वाक्यात आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. चित्र घेणाऱ्याची आवड वाहणाऱ्याचा निर्वाह करतेच असे नाही. पुष्कळदा ती काही न देता त्याचे रूप तेवढे घेऊन जाते. उरलेले अर्धे उत्तर असे, की वाहणाऱ्यास निर्वाह हवा असतो, जू नव्हे. या दोन गोष्टी आजवर एकत्र बांधलेल्या होत्या म्हणून त्या एकच आहेत असे समजण्याचे कारण नाही. माथेरानच्या माणसांनी आम्हांस काम नको असे म्हटले नाही. आम्ही बैलाच्या जागी नको, गाडीवानाच्या जागी असावे, एवढेच ते म्हणाले. घोड्यास हे म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणास तरी म्हणावे लागते. परंतु घोड्याची सुटका करताना त्यावर पोट असलेल्या गाडीवानास रस्त्यावर सोडून दिले, तर एका वाहणाऱ्यावरील अन्याय काढून दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखे होईल. जूही काढावे आणि निर्वाहही राखावा, हे समाजाचे कर्तव्य आहे. आणि ज्यांनी त्या वाहनाच्या चित्रांनी आपल्या भिंती शोभविल्या, त्यांचा त्या कर्तव्यात इतरांहून थोडा अधिक वाटा आहे.

आता नव्या वाहनाकडे वळू. त्यात श्रम लपतो असे आम्ही म्हटले. नाहीसा होतो असे म्हटले नाही. पावसाळ्यात कसारा-इगतपुरीच्या डोंगरांत आगगाडीची चित्रे घेण्यासाठी हौशी मंडळी तासन्‌तास उभी राहतात. तेथील चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. म्हणून वर चढणाऱ्या गाडीस कसाऱ्याला मागून रेटणारी इंजिने जोडावी लागतात. आत बसलेल्या उतारूंपैकी कितीजणांस याची जाणीव असते? ओढणारा पुढे असतो म्हणून दिसतो; रेटणारा मागे असतो म्हणून दिसत नाही. नव्या वाहनांची सारी व्यवस्था अशी मागून रेटणाऱ्यांवर उभी आहे. समृद्धी महामार्गाच्या चित्रांत राखी रंगाची एक गुळगुळीत रेघ डोंगरांतून गेलेली दिसते. परंतु याच मार्गावर शहापूर तालुक्यात १ ऑगस्ट २०२३ रोजी पुलाचे काम चालू असताना तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळून २० माणसे मृत्युमुखी पडली. नाशिकहून मुंबईस आता आपण जी वेळ वाचवितो, तिच्या हिशेबात ती २० माणसे आहेत. बैलाच्या खांद्यावरील घट्टा चित्रात दिसला तरी असता. यांचे चित्र त्या रस्त्याच्या कोणत्याही चित्रात नाही.

आणि श्रम जेथे लपलेला नसतो, तेथे तरी आपण तो पाहतो काय? शहरांत पाठीवर चौकोनी पेटी बांधून दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविणारे तरुण चौकाचौकांत दिसतात. हे आजचे वाहणारे होत. दुपारच्या उन्हात, भर पावसात, घड्याळाकडे डोळा ठेवून ते धावतात. त्यांचे वाहन नवे, कपडे एकरंगी, पेटी भडक. त्यात रम्य असे काही नाही. म्हणून त्यांच्यासाठी कोणी कॅमेरा काढीत नाही. आणखी पन्नास वर्षांनी ही रीत नाहीशी झाली, तर कदाचित एखाद्या उपाहारगृहाच्या दारी तशी दुचाकी पेटीसह मांडून ठेवलेली असेल आणि मुले तिच्यावर बसून चित्रे काढून घेतील. त्या वेळी तीही सुंदर दिसेल, कारण तिच्यावर बसून कोणास उन्हातून जावे लागणार नाही. आपल्या जुन्यावरील प्रेमाची कसोटी पाहावयाची असल्यास ती येथे पाहावी. वाहणाऱ्याविषयीची जी आस्था बैलगाडीपाशी जागी होते आणि चौकातल्या या तरुणापाशी निजून राहते, ती आस्था श्रमाविषयीची नव्हे; ती केवळ अंतराविषयीची आहे.

मग चित्रे घेऊच नयेत काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, कॅमेऱ्याच्या अंगी एक असा गुण आहे, की ज्यामुळे या पेचातून सुटण्याची वाट सापडते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले आणि पुढे नाशिकातच १९४४ साली दिवंगत झालेले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली होती. रोज थोडेथोडे चित्रण करून महिनाभराची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. जे डोळ्यासमोर घडत असूनही सावकाश घडते म्हणून दिसत नाही, ते दाखविणे हे कॅमेऱ्याचे खरे काम. वाहनांची चित्रे काळाच्या ओळीने मांडली तर हेच घडते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास राज्य परिवहनाची पहिली बस निघाली. त्याच रस्त्याने, त्याच तारखेस, २०२२ साली 'शिवाई' ही विजेवरची पहिली बस निघाली. या दोन बसची चित्रे शेजारी ठेवून पाहणारा जुनीसाठी उसासा टाकणार नाही आणि नवीसाठी टाळ्याही वाजविणार नाही. मधल्या ७४ वर्षांत कोणाचे ओझे हलके झाले आणि कोणाचे तसेच राहिले, असा प्रश्न तो विचारील. चित्र राखून ठेवते, म्हणूनच जीवनास सोडून देता येते. टांग्याचे उत्तम चित्र घरात असताना टांगा रस्त्यावर राहिलाच पाहिजे, असा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा प्रवासी छायाचित्रकाराकडून आमच्या अपेक्षा थोड्या आणि साध्या आहेत. वाहनाचे चित्र घेताना वाहणारा चौकटीबाहेर टाकू नये, आणि त्याचे चित्र त्यास विचारल्यावाचून घेऊ नये. शक्य असल्यास त्या वाहनात बसावे, रीतसर भाडे द्यावे, आणि जेथे बसणे विवेकास पटत नाही तेथे चित्राचाही मोह आवरावा. चित्राखाली गावाचे नाव व तारीख आपण लिहितोच. त्याबरोबर गाडीवानास दिवसभरात किती फेऱ्या मिळतात, घोडा किती वर्षांचा आहे, हेही लिहावे. नव्या वाहनाचे चित्र घेताना मागून रेटणारा कोठे आहे, याचा शोध घ्यावा. आणि मुलांस बैल नसलेल्या बैलगाडीत बसविले, तर 'बैल कोठे गेले?' हा प्रश्न ती विचारतील इतके तरी त्यांस शिकवावे. असा प्रश्न विचारणारे मूल पुढे वेगाच्या कोणत्याही नव्या साधनापुढे आंधळेपणाने नतमस्तक होणार नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर पंचवटीत, रामकुंडाजवळच्या कपालेश्वराच्या देवळात आहे. शंकराच्या देवळात पिंडीसमोर नंदी असतो. येथे तो नाही. आख्यायिका अशी सांगतात, की ब्रह्महत्येच्या पातकाने तळमळणाऱ्या शंकरास त्यातून सुटण्याचा मार्ग नंदीने दाखविला. गोदावरीच्या स्नानाने शंकर शुद्ध झाला, त्याने नंदीस गुरू मानले, आणि 'यापुढे येथे तू माझ्यासमोर बसू नकोस' असे त्यास सांगितले. उपाहारगृहाच्या दारच्या गाडीपुढेही बैल नाहीत आणि कपालेश्वरासमोरही बैल नाही; परंतु पहिली उणीव विस्मरणाची आहे व दुसरी कृतज्ञतेची आहे. ज्याने आपणांस वाहिले त्याचा खरा सन्मान त्यास कायम आपल्यापुढे जुंपून ठेवण्यात नाही. त्याचे ऋण ओळखावे आणि त्यास जुवातून मोकळे करावे, यात तो आहे. आपल्या संग्रहातील जुन्या व नव्या वाहनांची चित्रे पाहताना एवढे ध्यानी राहिले, तर ती चित्रे काढण्याचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.